गेटचा डोळा

११ ऑक्टोबर २०१६, मंगळवार, दसरा

बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेली ही डायरी नऊ महिने कपाटावर धूळ खात पडली होती. आज झटकून काढली, कारण घरात बोलायला कोणी नाही. भिंतींशी बोललो तर शेजारच्या सोजरबाई दुपारच्या आत साऱ्या गल्लीला सांगतील.

आज आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. वाटण्या झाल्या त्या अगदी भावाभावांत होतात तशा. फायली वाटल्या, खुर्च्या वाटल्या, कपाटं वाटली आणि त्यातच माझी बायकोही वाटली गेली. राही सरकारी ऑफिसात कारकून आहे. तिची ऑर्डर नव्या जिल्ह्याची, आसिफाबादची निघाली. काल सकाळी ती एक पेटी, एक वळकटी आणि स्टोव्ह घेऊन बसमध्ये बसली. सोळा वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच. तिसरं कोणी आलं नाही, त्यामुळे एक गेलं की घर अर्धं होतं हे मला काल कळलं.

ऑर्डर तात्पुरती आहे. परत यायचं असेल तर दिवाळीपर्यंत अर्ज द्या, असं तिच्या साहेबांनी सांगितलंय. मी म्हणालो, "मग दे अर्ज." ती म्हणाली, "तुमी बी चला ना तिकडं." आता चव्वेचाळीसाव्या वर्षी मी कुठे नवं दुकान मांडू? इथे जळालेल्या मोटारींच्या तारा गुंडाळून गुंडाळून वीस वर्षांत नाव झालं. तिथे मला कुत्रं ओळखत नाही, आणि माझी तेलुगू बाजारहाटापुरती. एवढं मी बोललो, मग ती गप्प झाली. तिचं गप्प होणं मला कधीच नीट वाचता आलेलं नाही.

शिवाय माझं गेट आहे. जवळच्याच जैनथ गावचे कापूस व्यापारी भगवंतराव यांच्या दारात आज मी आपोआप सरकणारं गेट चालू केलं. मी बसवलेलं पहिलंच. रिमोट दाबला की उघडतं आणि अर्ध्या मिनिटाने आपलं आपण लागतं. मध्ये कोणी आलं तर लागत नाही. त्यासाठी दोन्ही खांबांना हातभर उंचीवर समोरासमोर एकेक काचेचा डोळा बसवलाय. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो झेलतो, किरण अडला की गेट थांबतं. गावाने टाळ्या वाजवल्या. भगवंतराव मिशीवर ताव देत म्हणाले, "तिकडं सरकारनं जिल्हे उघडले, इकडं आमी गेट उघडलं!"

हे गेट नीट चाललं की तामसी, गुडीहत्नूर, सगळीकडून बोलावणी येतील. धंदा इथेच वाढेल. राही अर्ज देईल, परत येईल. सगळं या एका गेटावर आहे.

१३ ऑक्टोबर

सकाळी सातला भगवंतरावांचा फोन. "उत्तमराव, तुमचं गेट दात काढून उभं हाय. उघडलं ते लागूनच नाही राह्यलं. अंगणात गावची दोन डुकरं आली."

दहाच्या बसने गेलो. दारातच त्यांच्या आई, कौशल्याबाई, उभ्या. सत्तरीच्या आहेत, पण कंबर ताठ. फाटकातल्या जागेत ओला सडा, त्यावर रांगोळी, दोन्ही खांब लख्ख पुसलेले, वर हळदीकुंकू. म्हणाल्या, "मिस्त्री येऊन राह्यले असं समजलं, तं म्हटलं खांब तरी पुसून घ्यावं. माणूस दारात येते तं बरं दिसलं पाह्यजे."

रिमोट दाबला. गेट उघडलं. अर्ध्या मिनिटाने शहाण्या पोरासारखं लागलं. दहा वेळा दाबला, दहाही वेळा लागलं. भगवंतराव माझ्याकडे असे बघत होते की जणू डुकरं मीच सोडली होती.

संध्याकाळी राहीचा फोन. तिला खोली मिळाली. "रस्त्याच्या अंगाले शटरची खोली हाय, अन् मागं माही. शटर रिकामंच हाय."

मी म्हणालो, "रिकाम्या खोलीत उंदीर होतात. पेटी वर ठेव."

ती हसली, पण नेहमीसारखी नाही. मग विचारलं, "गेट लागलं का?"

१५ ऑक्टोबर

दिवाळीसाठी भिंतीला द्यायला चुना आणला. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत शेणाच्या शिंतोड्यांचा भुरकट पट्टा पडलाय. दरवर्षी मी चुना देतो आणि दरवर्षी महिनाभरात राही तो पट्टा परत उठवते. मी म्हणायचो, "हात जरा खाली ठेवून सडा मारत जा." ती म्हणायची, "तुमी मारून दाखवा."

आज भात करपला.

१७ ऑक्टोबर

पुन्हा तेच. सकाळी गेट लागत नाही आणि मी पोचतो तोवर ठणठणीत. दाढ दुखते म्हणून वैद्याकडे जावं आणि त्याच्या ओट्यावर पाय ठेवताच थांबावी, तसं. गेट पूर्ण सरकलं की मोटार थांबवणारी बटणं असतात, ती दोन्ही बदलली. खांब आजही पुसलेले, कुंकू ताजं. कौशल्याबाईंनी चहा दिला, वर मुरमुऱ्याचा चिवडा. "घ्या बापा. लोखंडाच्या मांगं लागून तुमी वाळून गेले."

मी म्हणालो, "बायको आसिफाबादला आहे."

"मंग तेच म्हणावं की," त्या म्हणाल्या. "लोखंडाले काऊन दोष देता?"

१९ ऑक्टोबर

व्होल्टेज तपासलं. नियंत्रणाच्या पेटीत एक पाल सापडली, तिला बाहेर काढलं. मला वाटलं सापडला चोर. भगवंतरावांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "पाल होती, आता काळजी नाही."

२० ऑक्टोबर

पाल निर्दोष होती.

राही रोज विचारते, "गेट लागलं का?" आज मी चिडलोच. म्हणालो, "तुला गेटाची एवढी काय पडलीय?" ती म्हणाली, "काही नाही. इथं सारी ऑफिसं नवी होऊन राह्यली. कुठं भाड्याचं घर, कुठं जुनी शाळा. एकाले बी धड फाटक नाही. साहेब म्हणत होते, कोणी जाणकार माणूस पाह्यजे."

मी म्हणालो, "सरकारी काम म्हणजे सहा महिने थांब. नादी लागू नको कोणाच्या."

अर्जाचं विचारलं. "लिहून राह्यलो," म्हणाली. एक पानाचा अर्ज, चार दिवस झाले लिहितेय. ऑफिसात दिवसाला पन्नास कागद लिहिणारी बाई! कामाचा ताण असेल.

२३ ऑक्टोबर, रविवार

आज राही येणार होती. मी सकाळीच मेथी निवडली. आयुष्यात पहिल्यांदा निवडली, त्यामुळे भाजीपेक्षा देठं जास्त राहिली. ज्वारीच्या भाकरी थापल्या. एकीचा आकार महाराष्ट्रासारखा आला, दुसरीचा सांगता येत नाही.

बारा वाजल्यापासून बसस्टँडवर होतो. उटनूरकडून तीन बस आल्या. प्रत्येक बसच्या दारातून उतरणारी प्रत्येक हिरवी साडी मला तिचीच वाटली. तिसऱ्या बसनंतर फोन आला की रविवार असून साऱ्यांना ऑफिसात बोलावलंय, अर्ध्या फायली दुसऱ्याच जिल्ह्यात गेल्यात आणि त्यांच्या आल्यात, अदलाबदल चालू आहे.

"लय वाट पाह्यली का?" तिने विचारलं.

"नाही, इकडेच काम होतं," मी म्हणालो. खोटं बोललो. मला तिची आठवण येते. घरात शिरलो की पहिल्यांदा तिच्या चपलांच्या जागेकडे बघतो. हे फोनवर सांगायला काय झालं होतं? जीभ अशा वेळी कुठे जाते कोण जाणे.

महाराष्ट्र मी खाल्ला, उरलेली सोजरबाईंच्या गाईला घातली.

२५ ऑक्टोबर

भगवंतरावांनी आज अंगणात चार माणसांसमोर सांगितलं, "उत्तमराव, लक्ष्मीपूजनाले लोकं घरी येतेत. तोवर ठीक झालं तं झालं. नाही तं जुनं बिजागरीचं फाटक गोठ्यात ठेवलंच हाय, तेच परत लावतो. तुमचं हे पोचवून देतो घरी."

त्या चौघांत तामसीचे एक पाहुणे होते. ते गेट बघायलाच आले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही, ते जास्त लागलं.

बसमध्ये विचार केला. वायर बघितली, मोटार बघितली, बटणं, पेटी, पाल. डोळे तर मी प्रत्येक वेळी पाहिले आहेत, आरशासारखे स्वच्छ. मग सकाळी सातला असं काय होतं जे दहाला होत नाही? सूर्य? दव? गेटासोबत आलेलं माहितीचं पुस्तक पुन्हा वाचलं. त्यात धूळ लिहिलीय, धुकं लिहिलंय, बर्फसुद्धा लिहिलाय. जैनथला बर्फ पडला तर मी गेट फुकट देईन.

२७ ऑक्टोबर

सकाळी दार उघडलं तर सोजरबाई समोर. "बापा, सतरा दिवस झाले, दारात सडा नाही. येणारे जाणारे विचारून राह्यले, घरात सुतक हाय का म्हणून."

मी हसण्यावारी नेलं. पण दिवसभर ते मनात राहिलं. सुतक नाही हो. माणूस आहे, चार तासांवर आहे, फोनवर बोलतं, खोकतं, हसतं. तरी दार मात्र कोणी गेल्यासारखं दिसतं, हे खरंच.

परवा, शनिवारी रात्री, राही दिवाळीला येते म्हणालीय.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार, धनत्रयोदशी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

राही यायची म्हणून ठरवलं की सडा आपणच टाकायचा. गल्ली जागी व्हायच्या आत, सहाला उठून सोजरबाईंच्या गोठ्यातून बादलीत शेण आणलं, पाण्यात कालवलं. दिसतं तेवढं सोपं नसतं ते. वरून ओतलं तर डबकं होतं. हात बुडवून मनगटाने आडवं फेकावं लागतं, तेव्हा कुठे ते सारखं पसरतं. पाचव्या-सहाव्या फेकीला हात बसला. सोजरबाई खिडकीतून म्हणाल्याच, "अगं बाई! राहीनं नवरा कामाले लावला वाट्टे!"

मान वर केली आणि भिंतीकडे बघतच राहिलो. दाराच्या दोन्ही बाजूंना ताजे हिरवे शिंतोडे उडाले होते. हातभर उंचीपर्यंत. बरोबर राहीच्या पट्ट्यावर. हात खाली ठेवला तरी ते तिथेच उडतात! सोळा वर्षं मी त्या बाईला उगाच बोललो.

आणि मग डोक्यात लख्ख पडलं. हातभर उंची. गेटचा डोळा.

बादली तशीच टाकून निघालो. कोणाला फोन केला नाही. पहिली ऑटो पकडून जैनथला पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. कौशल्याबाईंचा सडा नुकताच टाकून झाला होता आणि गेट सताड उघडं. खाली बसून बघितलं. डाव्या खांबाच्या डोळ्यावर शेणाचे तीन थेंब, त्यातला एक अगदी मधोमध.

म्हणजे असं. म्हातारी सकाळी सडा टाकायची आणि डोळा आंधळा व्हायचा. मग मुलगा मला फोन करायचा, मी येतो म्हटलं की पाहुण्याच्या मानाने ती खांब पुसून काढायची. ज्या दिवशी मी नाही यायचो त्या दिवशी दिवा लावायच्या आधी पुसायची. गुन्हाही तिच्या हातून आणि पुरावा धुवायचाही तिच्याच हातून, बिचारीला दोन्हीचा पत्ता नाही.

तिला हळूच दाखवलं. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या हातानं झालं म्हना. बावन्न वर्षं झाले या दारात सडा टाकून राह्यलो बापा. सांगाचं ना मले, नसता टाकला."

मी म्हणालो, "आई, टाकायचाच. चूक माझी आहे. दार आहे म्हणजे सडा आहे, हे मला कळायला पाहिजे होतं."

दोन्ही डोळे कमरेच्या उंचीवर नेले, वर पत्र्याच्या टोप्या केल्या. भगवंतराव उठून आले तर सांगितलं, "डोळे फार खाली बसवले होते, माझी चूक." कौशल्याबाईंनी माझ्यासमोर पुन्हा बादली भरून सडा टाकला, यावेळी चांगला जोरात, हिशेब चुकता केल्यासारखा. गेट उघडलं, लागलं. उघडलं, लागलं.

मी येताना रस्ताभर आनंदात होतो. पण आनंद सांगायला जे माणूस लागतं ते चार तासांवर होतं.

२९ ऑक्टोबर

तामसीचे पाहुणे भगवंतरावांकडे फोन करून मोकळे झाले. दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेट बसवायचंय. गुडीहत्नूरचं आणखी एक.

राहीला फोन केला. "लागलं गेट! सड्याचे शिंतोडे होते!" सगळी गोष्ट सांगितली. मीच सडा टाकला हेही सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. सोळा वर्षांतलं तिचं सगळ्यांत चांगलं हसू ते.

मग मी म्हणालो, "आता धंद्याची चिंता मिटली. तू अर्ज देऊन टाक."

हसणं थांबलं. मग म्हणाली, "बरं. देतो." आणि मग, "अवं, मले काही येणं होत नाही. दिवाळी रविवारीच आली, सुट्टी कायचीच नाही. तुमी जेवून घेजा."

फोन ठेवला. जिंकलेल्या माणसाला जसं वाटायला पाहिजे तसं काही वाटलं नाही.

दुपारी चुना द्यायला बसलो. वरून खाली देत देत पट्ट्यापर्यंत आलो आणि हात पुढे जाईना. कालचे हिरवे ठिपके माझे, खालचे सगळे तिचे. रोज पहाटेचा एक हात, सोळा वर्षं. मला ती घरात हवी होती ती कशासाठी, हे मी कधी तिला सांगितलं का? अर्ज दे, अर्ज दे, एवढंच सांगत राहिलो. एखाद्या साहेबासारखा.

पट्टा तसाच ठेवला. उद्या पहिल्या बसने जातो. तिला सांगत नाही. जैनथला शिकलोय, न सांगता गेलं की खरं दिसतं.

३१ ऑक्टोबर, पाडवा, आसिफाबाद

काल लिहायला जमलं नाही. आज राहीच्या खोलीत बसून लिहितोय.

केरामेरीचा घाट उतरून बस दहाच्या सुमारास पोचली. पत्ता विचारत गेलो. विचारायला तेलुगू जुळवत होतो तर समोरचा म्हणाला, "मराठीत बोला ना भाऊ, आमी वांकडीकडले." घर सापडलं. आधी शटर दिसलं, बंद. शेजारून बोळ, मागे दार. दारात सडा, रांगोळी. आणि दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर, हातभर उंचीपर्यंत, पट्टा. फिकट होता, पंधरा-सतरा दिवसांचाच. मी तिथेच उभा राहिलो. माझ्या घरात सुतक होतं आणि इथे दार नांदतं होतं.

घरमालकीण गयाबाई बाहेर आल्या. मी नाव सांगितलं तर एकदम म्हणाल्या, "आले का तुमी! बरं झालं. या शटरले दोन गिऱ्हाईक येऊन गेले. तुमची बाई मले म्हणते, मावशी, दिवाळीपर्यंत कोणाले देऊ नका, आमचे मालक येतेत, ते गेटाचं काम करतेत. पहिल्या दिवसापासून धरून बसली हाय."

पहिल्या दिवसापासून. आणि मी तिला सांगत होतो उंदीर होतात म्हणून.

राही ऑफिसातून दुपारी आली. मला ओट्यावर बघून पदर सावरत थांबली. वाळली आहे. "जेवले का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "राही, घरी करमत नाही. तुझ्याशिवाय करमत नाही." बोललो एकदाचं. ती तोंड फिरवून चूल नसलेल्या घरात स्टोव्ह शोधायला लागली. स्टोव्ह तिच्या समोरच होता.

लक्ष्मीपूजन आम्ही तिच्या पेटीवर केलं.

आज सकाळी तिने पेटीतून कागद काढून माझ्या हातात दिला. अर्ज. सुंदर तेलुगू अक्षर, खाली सहीची जागा मात्र कोरी. "लिहून ठेवला हाय. तुमी म्हनान तं आज देतो. मले इथं काम आवडून राह्यलं, साहेब मले विचारून कामं करतेत. पन तुमाले सोडून नाही. तुमी सांगा."

मी कागद दोनदा वाचला, माझ्या तेलुगूत कळला तेवढा. मग गयाबाईंकडून शटरची किल्ली आणली. कर्रकन वर सरकवलं. आत धूळ, एक मोडका बाक आणि खरंच, उंदराच्या लेंड्या. पिशवीतून टेप काढली. लिहायला दुसरा कागद नव्हता, म्हणून अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: रुंदी नऊ फूट.

राही मागे येऊन उभी राहिली. "अवं, अर्जावर काय लिहून राह्यले?"

मी टेपचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "उंची राहिली आहे," म्हणालो, "धर घट्ट."